एकवीस आकडी संख्येचा ताळा

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७.

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले की ती १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ अशी दिसते, आणि तरीही धड वाचता येत नाही. कोटीच्या पुढे आपली जीभ सहसा जातच नाही. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिलेली नावांची माळ अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य करत करत परार्धावर संपते. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. ही संख्या १४७५ परार्ध ओलांडून पुढे गेलेली आहे.

मोठी म्हणून ती मला आवडते असं नाही. मोठी संख्या काय, कुणीही लिहावी. एकावर शून्यं देत बसलं की झालं. ही आवडते ती तिच्या इतिहासामुळे. अडीचशेहून अधिक वर्षं माणसं हिच्याबद्दल काही ना काही बोलत होती, आणि त्या बोलण्यातला खरेखोटेपणा तपासायचं काम एका शनिवारी फळ्यावर, खडूने झालं.

आधी तिची कुंडली. २ चा ६७ वा घात घ्यायचा आणि त्यातून १ वजा करायचा, की ही संख्या मिळते. बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत ६४ घरं भरायची. एकूण दाणे होतात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. राजाचं कोठार रिकामं होतं आणि गोष्ट तिथे संपते. पण त्या पटाला आणखी तीन घरं जोडली असती, तर एकूण दाणे बरोबर आपल्या संख्येइतके झाले असते. संगणकाच्या भाषेत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिली, तर ही संख्या म्हणजे ओळीने ६७ एक.

आता गंमत बघा. पटावरच्या ६४ घरांची ती अवाढव्य बेरीज हातात घेतली की भुसभुशीत निघते: ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७. सात तुकडे, आणि पहिले तीन तर दुसरीतलं पोर सांगेल. याचं कारण ६४ या घातांकात आहे. घातांकाचे अवयव पडत असतील, तर संख्येचेही पडतात. ओळीने ६४ एक लिहिलेत ना, मग ते दोन-दोनांच्या, चार-चारांच्या सारख्या जुड्यांत बांधता येतात, आणि जुडी बांधता आली की त्या जुडीने संख्येला भाग गेलाच. ६७ ही मूळ संख्या. ६७ एकांच्या सारख्या जुड्या होत नाहीत. म्हणजे हा सोपा दरवाजा बंद.

पण हा एक दरवाजा बंद झाला म्हणजे संख्या मूळ ठरली असं नव्हे. ११ हीसुद्धा मूळ संख्या आहे, पण २ चा ११ वा घात वजा १, म्हणजे २०४७, ही २३ × ८९ निघते. २, ३, ५, ७ या घातांकांना नियम चालतो (३, ७, ३१, १२७, सगळ्या मूळ), म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि ११ ला तोंडघशी पडतो. नियम बांधताना ११ पर्यंत पोचेतो धीर धरावा, एवढा धडा गणितात जुना आहे.

मारँ मर्सेन हा पॅरिसमधला एक धर्मगुरू. १५८८ ते १६४८ हा त्याचा काळ. स्वतः गणित करण्यापेक्षा गणितज्ञांची पत्रं एकमेकांकडे पोचवणं हे त्याचं मोठं काम. फर्मा, देकार्त यांच्यासारख्यांचा तो टपालनाका होता म्हणा ना. १६४४ साली एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने यादी देऊन टाकली: २५७ पर्यंतच्या घातांकांत २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढ्यांनाच मूळ संख्या मिळते, बाकी कुणाला नाही. हे त्याने कसं काढलं, सांगितलं नाही. त्या काळात असल्या संख्या तपासणं अशक्यच होतं; पंधरा-वीस आकडी संख्या मूळ आहे का हे बघायला सगळा काळ अपुरा पडेल, असं तो स्वतःच म्हणून गेलाय. तरी यादी दिली. नाव मोठं असल्यामुळे ती अडीच शतकं फिरत राहिली, आणि त्या जातीच्या संख्यांना आजही मर्सेनचंच नाव आहे.

यादीत पाच चुका निघाल्या. ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. ६७ आणि २५७ उगाच घुसले होते. ६१ राहून गेल्याचं १८८३ साली इवान पेर्वुशिन नावाच्या रशियातल्या एका खेडेगावच्या पाद्र्याने दाखवलं. ‘६७’ ही मुळात ‘६१’ ची छपाईतली चूक असावी असा एक तर्क आहे. खरा असेल तर आपली संख्या इतिहासात आली ती एका खिळे जुळवणाऱ्याच्या कृपेने.

तिच्याबद्दलची पहिली ठाम गोष्ट सांगितली ती एदुआर लुका या फ्रेंच गणितज्ञाने, १८७६ मध्ये. ही संख्या मूळ नाही, तिचे अवयव पडतात. कुठले पडतात? ते त्याला माहीत नव्हतं.

हे ऐकून माणूस चमकतो. एखादी संख्या फुटते हे कळलं, पण कशी फुटते हे कळलं नाही, हे कसं शक्य आहे? मला मात्र यात फार नवल वाटलं नाही, त्याला माझा धंदा कारण. मी लेखापरीक्षक आहे. पतसंस्था, सोसायट्या, एखाददुसरा ट्रस्ट, अशी कामं. हाताने वह्या लिहिण्याच्या दिवसांत तेरीज, म्हणजे ट्रायल बॅलन्स, लावायची आणि दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळायच्या नाहीत. त्या क्षणी एक गोष्ट शंभर टक्के माहीत व्हायची, की या खतावणीत कुठेतरी चूक आहे. ती चूक कुठल्या पानावर, कुणाच्या खात्यात, कुठल्या तारखेला, यातलं काहीही माहीत नसायचं. चूक असल्याची खात्री एका बेरजेत. चूक शोधायला कधी कधी अख्खा आठवडा. फारच वेळ लागला तर फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून पुढे जायचं. लुकाने १८७६ साली ही संख्या सस्पेन्सला टाकली आणि ती तिथे २७ वर्षं पडून राहिली.

लुकाची तेरीज मात्र विलक्षण होती. तिचं आजचं सुटसुटीत रूप १९३० च्या सुमारास डेरिक लेमर या अमेरिकन गणितज्ञाने बसवलं, ते सांगतो. ४ घ्या. त्याचा वर्ग करा, २ वजा करा. जी संख्या तपासायची तिने भागा आणि फक्त बाकी ठेवा. त्या बाकीचा पुन्हा वर्ग, पुन्हा वजा २, पुन्हा बाकी. घातांकापेक्षा दोन कमी, इतक्या वेळा हे करायचं. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ. दुसरं काहीही आलं तर नाही.

३१ वर करून बघू. घातांक ५, म्हणजे तीन वेळा. ४ वरून १४. १४ चा वर्ग १९६, वजा २ म्हणजे १९४, ३१ ने भागून बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २ म्हणजे ६२, ३१ ने भागून बाकी शून्य. ३१ मूळ. आता २०४७ घ्या. घातांक ११, म्हणजे नऊ वेळा. ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य आलं नाही. संख्या फुटते, हे सिद्ध. पण या सगळ्या आकड्यांत २३ कुठे दिसतो? ८९ दिसतो? नाही. १७३६ या आकड्याकडे कितीही टक लावून बघा, त्यातून अवयवांचा वासही येत नाही. तेरीज फक्त ‘जुळत नाही’ एवढंच म्हणते.

६७ साठी हे ६५ वेळा करायचं, आणि दर वेळी एकवीस आकडी भागाकार. कष्टाचं काम, पण माणसाच्या आवाक्यातलं. याच जातीच्या रीतीने लुकाने त्याच वर्षी २ चा १२७ वा घात वजा १ ही ३९ आकडी संख्या मूळ असल्याचं दाखवलं. १९५१ पर्यंत माहीत असलेली ती सगळ्यांत मोठी मूळ संख्या होती, आणि हाती केलेल्या गणितातला हा विक्रम आता कोण मोडणार?

(हाच तो लुका, ज्याने १८८३ मध्ये तीन खुंट्या आणि चकत्यांचा ‘टॉवर ऑफ हनोई’ हा प्रसिद्ध खेळ काढला. खोक्यावर स्वतःचं नाव न घालता सयामच्या कुणा प्राध्यापक क्लॉसचं घातलं. अक्षरांची उलटापालट केली की लुका निघतो. आणि खेळासोबत काशीच्या देवळात ६४ सोन्याच्या चकत्या हलवत बसलेल्या पुजाऱ्यांची गोष्ट जगभर पसरली. काशीकरांना तिचा पत्ताही नसावा. त्या ६४ चकत्या हलवायला लागणाऱ्या खेपा म्हणजे पुन्हा तीच, पटावरच्या दाण्यांची बेरीज.)

तर फुटते हे कळलं. आता तुकडे शोधायचे कसे? जुन्या कारकुनांकडे चूक शोधायच्या खुणा असत. फरक नऊने भागला जातोय? मग कुठेतरी ५४ चे ४५ झालेत. फरक सम आहे? निम्मा कर आणि तेवढ्या रकमेची नोंद शोध, जमेची नावे पडली असेल. या खुणांनी चूक सापडत नाही, पण कुठली पानं उलटायची नाहीत ते कळतं. आपल्या संख्येलाही अशी एक खूण आहे, आणि ती इतकी देखणी आहे की इथे थोडं थांबायलाच हवं.

२३ ने २०४७ ला भाग का जातो? १ पासून दुप्पट करत जा, आणि २३ च्या वर गेलं की २३ वजा करा: १, २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२, आणि पुन्हा १. अकरा पावलांत फेरी पूर्ण झाली. म्हणजे २ चा ११ वा घात २३ ने भागला तर १ उरतो. तो १ आधीच वजा केलेला आहे, म्हणून भाग पूर्ण जातो. आता १ ते २२ मधल्या या फेरीत न आलेल्या संख्या मोजा. अकराच आहेत, आणि त्यांची स्वतःची तेवढीच लांब दुसरी फेरी होते. म्हणजे २२ संख्या अकरा-अकराच्या फेऱ्यांत पुरेपूर वाटल्या गेल्या, शिल्लक काही नाही. हे नेहमीच होतं. ज्या मूळ संख्येने भाग जाणार, तिच्यातून १ वजा केला की उरलेल्याला घातांकाने भाग गेलाच पाहिजे. शिवाय ती मूळ संख्या विषम, म्हणून वजा १ केल्यावर सम. त्यामुळे दोननेही भाग गेला पाहिजे. ८९ वजा १ म्हणजे ८८, म्हणजे २२ चोक. बरोबर.

म्हणजे आपल्या संख्येचा कुठलाही मूळ अवयव १३४ ने भागला की बाकी १ च राहणार. ३, ५, ७, ११, १३ ही नेहमीची मंडळी दाराबाहेरच. शिवाय आणखी एक नियम आहे: ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ हवी. त्याने उरलेल्यांतले निम्मे कटाप होतात. एवढ्या चाळणीनंतरही पहिला अवयव सापडतो तो १३४ च्या पाढ्यात १४,४५,५८० व्या ठिकाणी. १३४ गुणिले १४,४५,५८०, अधिक १.

तो शोधला फ्रँक नेल्सन कोल यांनी. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक, आणि अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे सचिव. १८९६ ते १९२०, तब्बल चोवीस वर्षं. सभांची इतिवृत्तं लिहिणे, सभा बोलावणे, अंक छापून घेणे ही सगळी कामं करणारा माणूस. अशा माणसाला स्वतःचं गणित करायला रविवारच मिळत असणार. त्यांनी सगळे उमेदवार एकेक करून तपासले नाहीत. ठरावीक लहान संख्या या प्रचंड संख्येच्या हिशोबात कुठल्यातरी वर्गाची बाकी म्हणून येतात हे ते काढत गेले. असा प्रत्येक शोध अवयवाला आणखी काही बाक्या मना करतो. १३४ च्या चाळणीवर आणखी एक चाळणी, तिच्यावर आणखी एक. शेवटी एवढे थोडे उरले की हाताने तपासता येतील.

३१ ऑक्टोबर १९०३, शनिवार. न्यूयॉर्कमध्ये सोसायटीची सभा. प्रा. कोल उठले, फळ्याशी गेले आणि एक शब्दही न बोलता २ चा ६७ वा घात काढायला लागले. त्यातून १ वजा केला. मग फळ्याच्या रिकाम्या भागावर दोन संख्या लिहिल्या:

१९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७

आणि शाळेत करतात तसा गुणाकार केला. दोन्ही उत्तरं सारखी आली. खडू ठेवला, जागेवर जाऊन बसले. सभेने टाळ्या वाजवल्या. प्रश्न कुणीच विचारला नाही; विचारायला उरलं काय होतं?

ही गोष्ट सांगितली एरिक टेंपल बेल यांनी, घटनेनंतर कित्येक दशकांनी. शोधायला किती वेळ लागला असं आपण कोलना विचारलं, तेव्हा ‘तीन वर्षांचे रविवार’ असं उत्तर मिळालं, हेही त्यांचंच सांगणं. बेल हे गणितज्ञांच्या गोष्टींना तिखटमीठ लावण्यात वाकबगार, त्यामुळे त्या सभेत खरोखर अगदी चिडीचूप शांतता होती का, यावर मी पैज लावणार नाही. कुठल्याही वार्षिक सभेला मी गेलोय, आणि तिथे मागच्या रांगेत कुणीतरी कुजबुजतंच. पण सभा झाली होती, कोल यांचा निबंध त्याच वर्षी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला, आणि ते दोन अवयव तर समोर आहेत. गोष्टीवर विश्वास ठेवा अगर ठेवू नका, गुणाकार तुमच्या हातात आहे.

म्हणून मी तो करून बघितला. कागदावर, पेनाने. आमच्या ऑफिसातला आर्टिकलशिपचा पोरगा डोकावून म्हणाला, “सर, मोबाईलवर करून देऊ?” म्हटलं, नको रे बाबा. शिवाय फोनमधला साधा कॅल्क्युलेटर एवढ्या आकड्यांना पुष्कळदा मधेच हात टेकतो आणि ‘१.४७ ई २०’ असं काहीतरी पुटपुटतो. एकवीस आकडी ताळ्याला ते काय कामाचं?

कसं केलं ते सांगतो, कारण त्यात एक सोय दडलेली आहे. बारा आकडी संख्या वर ठेवायची आणि नऊ आकडी खाली. खालच्या संख्येचे आकडे १, ९, ३, ७, ०, ७, ७, २, १. यात ७ तीनदा आहे, शून्य एकदा, आणि १ दोन्ही टोकांना. म्हणजे सातची ओळ एकदाच काढायची: ५३३२८६७८०१००९. ती तीन ठिकाणी नुसती उतरवायची. एकच्या दोन ओळी म्हणजे वरचीच संख्या जशीच्या तशी. शून्याची ओळ नाहीच. खरं गुणायचं ते फक्त २, ३, ७ आणि ९ ने. ४, ५, ६, ८ या पाढ्यांची गरजच पडत नाही. कोल यांना त्या दिवशी फळ्यापुढे हे जाणवलं असेल का? मला वाटतं, हो. ज्याने या दोन संख्यांबरोबर इतके रविवार काढले, त्याला त्यांचा प्रत्येक आकडा घरच्या माणसासारखा ओळखीचा असणार.

आठ ओळी एकाखाली एक, दर ओळ एक घर डावीकडे सरकलेली, शून्यापाशी एकदा दोन घरं. बेरीज उजवीकडून. शेवटचे तीन आकडे आधीच ताडून घेता येतात: ७२१ गुणिले २८७ म्हणजे २,०६,९२७, म्हणजे शेवटी ९२७ हवेत. आले. मधल्या रकान्यांत हातचे तीन-तीन, चार-चार होतात, तिथे जपून जावं लागतं. चौकटीचा कागद असला तर उत्तम. आणि मग नवाचा ताळा. पहिल्या अवयवाच्या आकड्यांची बेरीज ३७, म्हणजे १०, म्हणजे १. दुसऱ्याची ६४, म्हणजे १०, म्हणजे १. एक गुणिले एक, एक. उत्तराच्या एकवीस आकड्यांची बेरीज १०९, म्हणजे १०, म्हणजे १. जमलं.

नवाचा ताळा म्हणजे पुरावा नव्हे, हे कुठलाही जुना मुनीम सांगेल. दोन आकडे आपापसांत बदलले तरी ताळा खुशाल जमतो. पण ताळा जमला नाही तर चूक नक्की. म्हणजे हीसुद्धा लुकाच्याच जातीची परीक्षा, अगदी धाकटी.

टाळ्या कोलना मिळाल्या. माझं मत विचाराल तर बुद्धीची उडी लुकाची मोठी. फुटण्याचा एकही तुकडा न दाखवता ‘फुटते’ हे सिद्ध करणं ही कल्पनाच किती धाडसी आहे! पण लुकाचं ऐकायचं तर त्याच्या रीतीमागचा सिद्धांत समजून घ्यावा लागतो, नाहीतर त्याच्या शब्दावर विसंबावं लागतं. मर्सेनच्या शब्दावर अडीच शतकं विसंबून काय झालं, ते आपण बघितलं. कोलच्या बाबतीत विसंबायचा प्रश्नच येत नाही. त्यांनी व्हाउचर जोडलंय. नोंद बरोबर असल्याची खात्री संस्थेचा अध्यक्ष देतो की शिपाई, याच्याशी लेखापरीक्षकाला काय करायचंय. त्याला कागद हवा. म्हणून मनाने मी लुकाच्या बाजूचा, आणि सही करायची झाली तर कोलच्या कागदावर करीन.

एका गोष्टीचा उल्लेख इथे केल्याशिवाय राहवत नाही. कोलच्या त्या सभेनंतर सव्वाएक वर्षाने, १९०५ मध्ये, डहाणूला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर जन्मले. पुढे नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर. कापरेकर म्हटलं की सगळे त्यांच्या ६१७४ या प्रसिद्ध संख्येवर जातात, ते राहू दे. त्यांच्या डेम्लो संख्या घ्या. १, ११, १११ यांचे वर्ग १, १२१, १२३२१. नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. ओळीने एक लिहायचे आणि त्यांतून काय निघतं ते बघायचं, हा खेळ कापरेकर दशमान पद्धतीत खेळले. मर्सेनच्या संख्या म्हणजे तोच खेळ दोनच्या पद्धतीत: ३१ म्हणजे पाच एक, २०४७ म्हणजे अकरा एक, आपली संख्या म्हणजे ६७ एक. आणि वजा १ चा तो नियम इथेही दिसतो. पाच एक: ११,१११ म्हणजे ४१ × २७१, दोघांतूनही १ वजा करा, १० ने भाग जातो. सात एक: ११,११,१११ म्हणजे २३९ × ४६४९, दोघांतून १ वजा करा, १४ ने भाग जातो. ज्यांना ६७ चा पसारा नको असेल त्यांनी हा सातांचा गुणाकार करून बघावा. चहा होईस्तोवर होतो.

आता संगणकाला कोलचे ते सगळे रविवार एका सेकंदाचंही काम नाहीत. मग या सगळ्याला अर्थ काय, असं आमचा तो पोरगा विचारतोच. अर्थ असा, की तुकडे शोधणं आणि तुकडे ताडणं यांतलं अंतर संगणक आल्यावर मिटलेलं नाही. फक्त आकडे वाढले. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी नेमक्या याच अंतरावर गुप्त संदेशांची पद्धत उभारली, आणि त्या वर्षी ऑगस्टमध्ये १२९ आकडी एक संख्या कोडं म्हणून जाहीर केली. शंभर डॉलरचं बक्षीस. ती फुटायला एप्रिल १९९४ उजाडलं, तेही सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी आपापले संगणक महिनोन्‌महिने जुंपले तेव्हा. अवयव निघाले ६४ आणि ६५ आकडी. ते बरोबर आहेत हे ताडायला मात्र आजही एक गुणाकार पुरतो.

दुसरीकडे लुकाची बाजू भरभक्कम होत गेली. २००२ च्या ऑगस्टमध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दाखवलं, की कुठलीही संख्या मूळ आहे की नाही हे तिच्या आकड्यांच्या संख्येच्या मानाने आटोपशीर पायऱ्यांत, हमखास सांगता येतं. कुठलीही, फक्त ६७ एकांसारख्या खास घडणीची नव्हे. कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकते बी.टेक. होऊन बाहेर पडलेले. पण त्यांची रीतसुद्धा अवयव देत नाही. ‘जुळत नाही’ म्हणते आणि गप्प बसते.

मर्सेनची यादी आता कुठल्या कुठे गेली आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सापडलेली बावन्नावी अशी मूळ संख्या २ च्या १३,६२,७९,८४१ व्या घातातून १ वजा करून मिळते आणि ती चार कोटी दहा लाखांहून अधिक आकड्यांची आहे. तिच्यावरही लुका-लेमरची तेरीज लावून खात्री केली गेली: ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा.

मला मात्र दुसऱ्याच एका घातांकाचं कुतूहल आहे: १२७७. २ चा १२७७ वा घात वजा १ ही ३८५ आकडी संख्या. आजच्या हिशोबाने चिमुरडीच म्हणायची. लुकाच्या परीक्षेत शून्य येत नाही, तेव्हा ती फुटते हे केव्हाच पक्कं झालंय. जगभरच्या लोकांनी तिच्यामागे संगणक लावून झाले. आजवर तिचा एकही अवयव सापडलेला नाही. जो सापडेल तो २५५४ ने भागल्यावर बाकी १ ठेवेल, आणि ८ ने भागल्यावर १ किंवा ७. तो ज्या दिवशी जाहीर होईल त्या दिवशी गुणाकाराला मोठा कागद लागेल. चौकटीचाच आणीन.